सीतेच्या वेणीची बुरशी

लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी होती, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी होती आणि पीएच.डी.साठी नोंदवलेला एक विषय होता. पहिल्या दोन गोष्टी आमच्याकडच्यांनी मुलाकडच्यांना सांगितल्या. तिसरी कुणी लपवली नाही, पण कुणी विचारलीही नाही. विषय होता झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांमध्ये राहणारी बुरशी.

साल ऐंशीच्या आसपासचं. आम्ही वाशीला नव्या वसाहतीत राहायला आलो. नवऱ्याची नोकरी तुर्भ्याला औषधांच्या कारखान्यात, माझं कॉलेज पुलाच्या पलीकडे मुंबईत. सासूबाई घर लावून द्यायला म्हणून कराडहून पंधरा दिवसांसाठी आल्या आणि राहिल्या. त्या कोरड्या हवेत वाढलेल्या. इथे खाडीची हवा आणि नवं, ओल धरणारं बांधकाम. पहिल्याच पावसाळ्यात पापडांना, चपलांना, लग्नातल्या शालूच्या घडीला आणि देवाच्या पोथीला बुरशी आली. त्या रोज सकाळी फडकं घेऊन निघायच्या आणि दुपारपर्यंत घर पुसायच्या. अशाच एका दुपारी त्यांनी मला विचारलं,

"तू नक्की कशावर अभ्यास करतेस गं?"

"बुरशीवर."

"म्हणजे ती घालवायची कशी?"

"नाही आई. वाढवायची कशी."

मग उठून त्यांनी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

मी त्यांना समजावून सांगितलं. नारळ घ्या. तो जिथे पडेल तिथे रुजतो, कारण त्याची शिदोरी त्याच्या पोटातच असते. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. एका बोंडात हजारोंनी असतं, पण एकाकडेही खायला काही नाही. ते वाऱ्यावर उडतं, झाडाच्या सालीवर जाऊन बसतं आणि वाट बघतं. नेमकी हवी ती बुरशी येऊन त्याच्या आत शिरली तर ते बी त्या बुरशीचे धागे पचवून जगतं. नाही शिरली तर वाळून जातं. आपल्या किनाऱ्यावरच्या झाडांत ही बुरशी नेमकी कोणती, हे मला शोधायचं होतं.

"आणि ते सापडल्यावर काय होणार?"

"मला डॉक्टर म्हणतील."

"गोळ्या देता येतील?"

"नाही."

माझे मार्गदर्शक म्हणजे आमच्या कॉलेजातले सर. ते विद्वान होते आणि कुठल्याही अडचणीला त्यांचं एकच उत्तर असे, "बघू या." ऑर्किड कुठे मिळतील असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही तिकडेच राहता ना? गावांतून जुने आंबे असतील. बघू या." बघायला अर्थात मीच गेले.

करावे गावाबाहेर, खाडीच्या बांधाजवळ, मला हवा तसा आंबा सापडला. दोघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा आणि फांद्यांवर सीतेच्या वेणीचे झुपकेच्या झुपके. सीतेची वेणी हे आपल्याकडचं ऑर्किड. मिरगाच्या आसपास तिला गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचे लांब घोस लोंबतात, वेणीसारखे, म्हणून हे नाव. झाडाखाली साठीचे एक गृहस्थ जाळं विणत बसले होते. मी वही काढली तसं त्यांनी मान वर न करताच म्हटलं,

"मोजनी झाली आमची. दोनदा झाली."

त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. घराची जागा आणि हे झाडही कागदोपत्री गेलंच होतं, फक्त अजून कुणी घ्यायला आलं नव्हतं. वही घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्यांना सरकारी वाटायचा.

"काका, मी मोजायला नाही आले. झाडावर ते वाढलंय ना, ते बघायला आले."

"बांडगूल? घेऊन जा सगला."

"बांडगूळ नाही ते. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बसलेलं असतं."

आता त्यांनी मान वर केली. "नुसता बसतंय? मंग त्याला खायला कोन घालतं?"

"तेच शोधायला आले आहे."

त्यांनी घरातून शिडी आणून दिली. शिडी देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कौतुक म्हणता येणार नाही.

मी पदर खोचून चढले आणि हवेत लोंबणारी मुळं कापून घेतली. पेन्सिलीएवढी जाड, चंदेरी, अगदी स्वच्छ. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ती घरी आणली.

घरी, कारण कॉलेजातलं निर्जंतुक करायचं यंत्र बंद होतं आणि त्याचं रबर मागवण्याचा अर्ज फिरत होता. मी सासूबाईंचा प्रेशर कुकर घेतला. बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास कालवून बाटल्यांत भरलं, कापसाचे बोळे लावले आणि बाटल्या कुकरात ठेवल्या.

"काय शिजतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"बटाट्याची जेली."

"खायची?"

"बुरशीने."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी दुसरा कुकर आणला. त्याने या सगळ्यात क्वचितच तोंड उघडलं, पण वस्तू मात्र वेळेवर आणल्या. हवेतले जंतू पडू नयेत म्हणून बंद पेटीत हात घालून काम करावं लागतं, तर तीही त्याने सुताराकडून करून घेतली. पुढे काच आणि हात घालायला दोन भोकं, एवढंच त्याने सांगितलं होतं. सुताराने आपल्या मनाने वर छोटी कमान आणि दोन्ही बाजूंना खांब काढून दिले. आत स्पिरिटचा दिवा लावला की ती हुबेहूब देवघर दिसायची. शेजारच्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पेटीला हात जोडले. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण आत काय आहे हे सांगितलं असतं तर त्या पुन्हा आल्या नसत्या.

आठ महिने मी मुळं आणली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात धुतली, कापली आणि जेलीवर ठेवली. हिरवी बुरशी आली, काळी आली, एकदा गुलाबीही आली. या सगळ्या आमच्याच घरातल्या होत्या. कुठली न्हाणीघरातून आली, कुठली पावावरून, हे मी आता नुसतं बघून सांगू शकत होते. मुळांचे पातळ काप करून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पेशी रिकाम्या. सरांना दाखवलं. सर म्हणाले, "बघू या."

एके दिवशी मी पुन्हा करावेला जाऊन शिडीवर उभी होते. काका खाली चिडून बसले होते. त्यांना कौलं परतायला शिडी हवी होती आणि मी तासभर वर होते.

"काय शोधतेस गं बाय येवढा?"

"मुळं. चांगली."

"ती लोंबती मुलं हवा खात हायत नुसती. सालीला धरल्यात ती का नाय घेत?"

मला शिकवायची सवय. मी वरूनच समजावलं की सालीला चिकटलेल्या मुळांना माती असते, मुंग्यांची घाण असते, नाना जंतू असतात. ती स्वच्छ करणं फार अवघड.

काका म्हणाले, "तुला बुरशीच शोधायची हाय ना? मंग सोच्छ जागेत कशाला शोधतेस?"

काकांना ऑर्किडमधलं काही कळत होतं असा माझा दावा नाही. त्यांना शिडी हवी होती. पण आठ महिन्यांत मला हा प्रश्न पडला नव्हता, सरांनाही पडला नव्हता. मी सालीत रुतलेलं एक मूळ सालीच्या तुकड्यासकट सुरीने उचकटलं आणि खाली उतरून शिडी परत केली.

त्या मुळाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सालीला टेकलेल्या बाजूच्या पेशी भरलेल्या होत्या. प्रत्येक पेशीत बारीक धाग्यांची एक गुंडाळी, लोकरीच्या गुंड्यासारखी. काही ताज्या आणि मोकळ्या, काही पिवळट गोळा झालेल्या, म्हणजे झाडाने पचवलेल्या. मुळाच्या दुसऱ्या, हवेकडच्या बाजूला काहीही नव्हतं. मला ते कुणाला तरी दाखवायचं होतं. खोलीत प्रयोगशाळेचा शिपाई सोडून कुणी नव्हतं, म्हणून त्याला बोलावलं. त्याने डोळा लावला, "हां मॅडम" म्हणाला आणि चहा आणायला गेला.

घरी सासूबाईंना पाकिटाच्या मागे चित्र काढून दाखवलं.

"हे झाड, ही बुरशी. बुरशी मुळात शिरते, वाढते, आणि मग झाड तिला पचवतं."

"म्हणजे आधी घरात घ्यायचं आणि मग खायचं?"

"साधारण तसंच."

"मग ती जाते कशाला आत?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"लग्न ठरवलं असेल कुणीतरी," त्या म्हणाल्या आणि पाकीट परत दिलं.

मी त्या गुंडाळ्यांतून बारीक सुईने एकेक वेगळी काढून जेलीवर ठेवली. त्यातून एक बुरशी निघाली. दिसायला अगदी सामान्य, आधी पांढरी, मग मळकट साईच्या रंगाची, वाढीला मंद. माझ्या यादीत तिचा नंबर सतरा. घरात तिला तेच नाव पडलं. मी कॉलेजातून आले की सासूबाई विचारायच्या, "सतराला घाम आलाय बाटलीत. पंख्याखाली ठेवू का?" त्यांनी सोमवारी आणि एकादशीला कुकर लावायला बंदी केली होती, पण सतराची चौकशी त्या सगळे दिवस करत.

आता बी हवं होतं. काकांच्या झाडावर गेल्या मिरगाला फुलं येऊन गेली होती आणि बोंडं धरली होती. ती पिकायला आठ-नऊ महिने लागतात. मी दिवस मोजत असतानाच काकांचा निरोप आला. गेले तर त्यांच्या हातात नोटीस होती. झाडावरून रस्ता जाणार होता.

"बाय, एक कागद दे. इंग्रजीत. ह्या झाडाव शोध चाललाय, तोडू नका, आसा."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "आपण शास्त्रज्ञ. झाड तोडावं की नाही हा आपला विषय नव्हे."

"पण सर, बिया त्याच झाडावर आहेत."

"दुसरं झाड बघू या."

दुसरं झाड शोधायचं, त्याची बुरशी काढायची, म्हणजे आणखी दीड वर्ष. पण मला राग आला तो त्याचा नाही. काकांनी माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली होती, आणि ती देणं आपल्या हातात आहे की नाही हेच मला ठरवता येत नव्हतं. शेवटी मी साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं, खाली पदवी घातली आणि करावेला जाऊन काकांना मराठीत वाचून दाखवलं.

"दुर्मील लिव," ते म्हणाले.

"काका, हे दुर्मिळ नाही. कोकणभर आहे."

"झाडा तोडल्याव व्हईल ना?"

मी विचार केला आणि 'दुर्मिळ होण्याची शक्यता' असं लिहिलं. काकांनी पत्र कचेरीत दिलं, पोचेचा शिक्का घेतला आणि ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी लावली. एक साहेब येऊन झाड बघून गेले. त्यांनी वहीत लिहिलं, 'आंबा, नग एक. वर बांडगूळ.' मी तिथे असते तर दुरुस्त केलं असतं.

तरी झाड पुढचे चार महिने राहिलं. काका म्हणत, कागदामुळे. रस्त्याच्या कामावरचे लोक म्हणत, रोलर बिघडला होता.

एप्रिलमध्ये ते तोडलं. मी कॉलेजात परीक्षेच्या कामात होते. त्या दुपारी आमच्या इमारतीसमोर एक टेम्पो थांबला. त्यात माणसाच्या उंचीची, कमरेएवढी जाड एक आंब्याची फांदी होती, सीतेच्या वेणीच्या झुपक्यांसकट. काका वर आले आणि दार उघडणाऱ्या सासूबाईंना म्हणाले,

"सून हाय का? तिची बुरशी आनलीय."

सासूबाईंनी त्यांना आत बसवलं. त्या झाडाच्या शेवटच्या कैऱ्यांची एक पाटीही काकांनी आणली होती. दोघं काय बोलली ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. काकांनी सांगितलं की झाड त्यांच्या आज्याने लावलेलं, आणि तोडणाऱ्यांना थांबवून त्यांनी स्वतः ही फांदी उतरवून घेतली. सासूबाईंनी सांगितलं की कराडचं घर विकलं, आता तिथे जाऊन राहायला जागा नाही. हे आम्हाला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

काका गेल्यावर त्या खाली फांदी बघायला गेल्या. एक बोंड उकललेलं होतं. हात लावला तर बोटांना पिवळट धूळ लागली. फडक्याने पुसणार, इतक्यात त्यांना माझं धुळीबद्दलचं बोलणं आठवलं. त्यांनी वर येऊन कागद आणला, सगळी उकललेली बोंडं त्यावर हलकेच झटकली आणि अंगाऱ्याची बांधतात तशी पुडी बांधली. मी संध्याकाळी आले तेव्हा ती कमानीच्या पेटीवर ठेवलेली होती. शेजारी सासूबाई पहारा दिल्यासारख्या बसल्या होत्या.

"पंखा बंदच ठेवलाय," त्या म्हणाल्या. खोलीत भट्टीसारखं उकडत होतं.

चार दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी सभा बोलावली. विषय, आवारात लाकूड साठवणे. मी उभी राहायच्या आधीच सासूबाई उभ्या राहिल्या. "ते लाकूड नाही. ते संशोधन आहे," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी विचारलं, संशोधन किती दिवस चालेल? "झाडाला विचारून सांगते," असं म्हणून त्या खाली बसल्या. दिवाळीपर्यंत मुदत मिळाली.

मी चाळीस बाटल्यांत बी पेरलं. वीस बाटल्यांत सतरा नंबर, दहांत दुसऱ्या बुरशा, दहांत नुसतं बी. दुसऱ्या बुरशांनी बी खाऊन टाकलं. नुसतं बी फुगलं आणि तसंच राहिलं. पाऊस सुरू झाला, गणपती आले, गेले. एका सकाळी सासूबाई दूध तापवायचं सोडून चष्मा लावून बाटल्यांच्या कपाटापुढे बसलेल्या दिसल्या.

"हे बघ. खसखशीएवढं. हिरवं आहे की मला दिसतंय?"

हिरवंच होतं. सतराच्या पाच बाटल्यांत हिरवे ठिपके आले होते. मी ते आधी मोजले, मग पुन्हा मोजले, आणि मग मला रडू आलं. सासूबाईंनी मला रडू दिलं. दूध उतू गेलं.

काकांना निरोप पाठवला. ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले. मी बाटली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"येवढाच?"

"सध्या एवढंच."

"फूल कवा यील?"

"पाच-सहा वर्षं लागतील."

ते बाटली हातातच धरून बसले. रस्ता झाला होता, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग म्हणाले, "ही आमच्याच झाडाची हाय ना?"

"तुमच्याच. बीसुद्धा आणि बुरशीसुद्धा."

"मंग बरा झाला," ते म्हणाले आणि चहा घेतला.

प्रबंधात मी लिहिलं की सालीला धरलेली मुळं तपासण्याची सूचना करावे गावातल्या एका शेतकऱ्याने केली. सरांनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. टायपिस्टला कुठला कागद द्यायचा हे माझ्या हातात होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी शिडीचं भांडण जसं झालं तसं सांगितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षक हसले नाहीत. ते म्हणाले, "पुढे?" आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. मी पास झाले.

बाटल्यांतून अकरा रोपं जिवंत बाहेर निघाली. सालीच्या तुकड्यांवर बांधून मी ती गॅलरीत ठेवली. सात गोगलगायींनी खाल्ली. एक काकांना दिलं, ते त्यांनी फणसाला बांधलं आणि शेळीने खाल्लं. दोन उन्हाळ्यात गेली. उरलेलं एक मी आवारातल्या शिरीषाच्या बुंध्याला बांधलं. तिथे त्याने साल धरली. मग कुणीतरी मोठे पाहुणे येणार म्हणून सोसायटीने सगळ्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावला. रंगाऱ्याने रोपालाही दोन हात दिले, पानांच्या दोन्ही बाजूंनी, मन लावून. मी आणि सासूबाई पाण्याची बादली घेऊन बसलो आणि एकेक पान ओल्या कापसाने पुसलं. तीन पानं वाचली.

एका मिरगात त्याला एकच घोस आला, वीतभर लांब. सासूबाई तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पट्टी बांधून पडल्या होत्या. मी त्यांना रंग सांगितला, ठिपके किती ते सांगितलं. "करावेला कळव," त्या म्हणाल्या.

काका पुढच्या रविवारी आले, आणि या वेळी बायकोला घेऊन. त्या वाशीच्या वसाहतीत कधी आल्या नव्हत्या. दोघं शिरीषाखाली उभी राहिली. काकूंनी घोसाच्या जवळ जाऊन वास घेतला.

"ही तर आपल्या आंब्याव ढिगान व्हती," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"व्हती," काका म्हणाले.

मी खाली चटई आणून घातली. दोघं फुलाकडे तोंड करून बसली. सासूबाईंना हाताला धरून मी खाली आणलं, त्याही पट्टीसकट शेजारी बसल्या आणि काकूंना विचारून विचारून फूल बघत राहिल्या. चार वाजता काकांनी बसची वेळ झाली म्हणून सांगितलं. मी त्यांना स्टॉपपर्यंत पोचवायला गेले.